फोटो नको, तिचं पुस्तक बघा

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर तीच पोस्ट फिरतेय. ‘अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय महिला डॉक्टर’, आणि खाली एक फोटो. अरे, डॉ. रेबेका ली क्रम्पलरचा खात्रीचा एकही फोटो आज उपलब्ध नाही! दुसऱ्याच कुणा बाईचा फोटो चिकटवायचा आणि खाली हात जोडायचे. संताप येतो.

तिचं पुस्तक मात्र आहे. ‘अ बुक ऑफ मेडिकल डिस्कोर्सेस’, बॉस्टन, १८८३. आया, परिचारिका आणि माणसांचं दुखणं हलकं करू पाहणारे सगळे, यांना अर्पण केलेलं. पहिला भाग तान्ह्या बाळांच्या पोटाच्या दुखण्यांवर, दुसरा बायकांच्या आरोग्यावर.

माझी लेक अंगावर पीत होती तेव्हा तिला जुलाब लागले. “दूध चालू ठेवू का?” असं विचारलं, तर डॉक्टरांनी मानही वर केली नाही. “लिहून दिलंय ते द्या.” बाहेर रांग असते, मान्य. पण एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो हो?

बाहेर सिस्टरनं मला बाकावर बसवलं. ओआरएसचं पाकीट हातात धरून सांगितलं, अख्खं पाकीट लिटरभर पाण्यात, अर्धंमुर्धं नाही, चमच्याचमच्यानं पाजा, अंगावरचं दूध तोडू नका. माझा जीव तिथे भांड्यात पडला.

क्रम्पलरही आधी परिचारिकाच होती. आठ वर्षं. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या मावशीकडे वाढलेली. १८६४ मध्ये डॉक्टरकीची पदवी, अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये गुलामीतून सुटलेल्यांवर उपचार, मग बॉस्टनच्या जॉय स्ट्रीटवर पोरांची डॉक्टर, पैसे मिळोत न मिळोत. इतकं करून ती लिहायला बसली ती आयांसाठी, दुखणं यायच्या आधीच त्यांना कळावं म्हणून. मला ती सिस्टर आठवते ती इथेच. तिनं औषध बदललं नाही, फक्त समजावलं, आणि रात्रभर माझे हात कापले नाहीत.

क्रम्पलरचे काही उपाय आज कालबाह्य आहेत, कुणी करून बघू नका. ठीक आहे.

१८९५ मध्ये ती गेली. थडग्यावर नावाचा दगड लागला २०२० मध्ये, तोही लोकांनी वर्गणी काढून. सव्वाशे वर्षं!

पुस्तक नेटवर फुकट आहे. माझ्या यादीतल्या बालरोगतज्ज्ञांनो, पहिला भाग वाचा. मराठीत आणायला कुणी तयार असेल, तर टायपिंग मी करते.