चिंचेची सावली कुणाच्या ज्वारीवर?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर जुलैत एक वाद पेटतो. यंदा पुण्याच्या चुलतभावाने लिहिलं, ‘रोपं मिळतात, खड्डे खणून मिळतात, तरी शेतकऱ्याला झाडं नकोत. बांधावरची बाभळसुद्धा ठेवत नाहीत.’ माणदेशात आजही स्वतः शेती करणारे आण्णा, माझे थोरले चुलते, त्यावर काही बोलले नाहीत. मी मेलबर्नला राहते, तरी मला गप्प बसवेना.

इथे हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, शहरातली माणसं शनिवार-रविवार आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या विमेरा भागातल्या शेतांवर झाडं लावायला जातात. मीही जाते. पायाने दाबायचं एक लोखंडी अवजार असतं, ते ओल्या जमिनीतून बरोब्बर रोपाच्या मुळांएवढी मातीची गुल्ली काढतं. रोप ठेवायचं, टाचेने माती दाबायची, भोवती प्लास्टिकचं कुंपण आणि बांबूच्या तीन काड्या. पहिल्या वर्षी ज्या आजींच्या शेतावर गेले, त्यांनी आधी आम्हाला खालच्या तुकड्यात नेलं. जमिनीवर पांढरी पापडी धरली होती. वाळवा-शिरोळकडची क्षारपड जमीन मी पाहिलेली, त्यामुळे ओळख लगेच पटली. तिकडे उसाला दिलेल्या अतोनात पाण्याने मीठ वर आलं. इथे गहू आणि मेंढ्यांसाठी मूळची झाडं तोडली, खोल मुळांनी पिऊन टाकलं जाणारं पाणी जमिनीत साठलं, पातळी चढली आणि जुनं मीठ सोबत घेऊन आली. आजींना झाडांचं महत्त्व पटवायला कुणी यावं लागलं नव्हतं.

शेतकऱ्यांनी गट करून जमीन राखायची ही चळवळ म्हणजे ‘लँडकेअर’. व्हिक्टोरियात तिची सुरुवात 1986 मध्ये सेंट अर्नोडजवळ झाली, ती राज्याच्या वनमंत्री जोन कर्नर आणि शेतकरी संघटनेच्या अध्यक्षा हेदर मिचेल यांनी मिळून केली. शेतकऱ्यांची संघटना पहिल्या दिवसापासून आत होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गावातले शेतकरी गट करतात, झाडं कुठे लावायची ते ठरवतात. मेंढ्यांपासून राखायला तारेचं कुंपण लागतं. त्याच्या सामानाला बऱ्याचदा अनुदान मिळतं, मेहनत शेतकऱ्याची. पुढे थंड वाऱ्यात कोकरं त्याच झाडांच्या आडोशाला वाचतात.

पण याच राज्याच्या पश्चिमेला कंपन्यांनी करसवलतीच्या पैशावर शेतंच्या शेतं घेऊन निलगिरी लावली, तेव्हा शेजारचे शेतकरी चिडलेच. 2009 मध्ये त्यातल्या मोठ्या कंपन्या बुडाल्या. झाडं तीही होती, पण ती गावाची नव्हती.

आता आमच्या गावाकडे बघू. विमेरातल्या शेतकऱ्याकडे शेकडो हेक्टर जमीन. त्याने कडेची पट्टी सोडली तर चूल विझत नाही. महाराष्ट्रात 2015-16 च्या कृषी गणनेनुसार सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर. आण्णांची तीन एकर, तीही तीन तुकड्यांत. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि बांधावरच्या चिंचेची सावली उत्तरेच्या शेजाऱ्याच्या ज्वारीवर पडते. कणीस भरत नाही. त्यावरून आमच्याकडे सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. चुलतभावाला हे ठाऊक आहे, पण पुण्यात राहून विसरायला झालंय.

शिवाय 1964 चा वृक्षतोड कायदा. आंबा, चिंच, जांभूळ, फणस स्वतःच्या शेतातला असला तरी तोडायला परवानगी लागते. कायद्यामागचा हेतू मी मानते. पण वाळून गेलेला आंबा काढायला आण्णांनी एका कचेरीत पावसाळाभर हेलपाटे घातले, त्यानंतर त्यांनी आंबा लावला नाही. गायरानात लावावं तर मेंढपाळांची चराई जाते, आणि खड्डे खणण्याआधी त्यांना कुणी विचारत नाही.

2019 मध्ये महाराष्ट्र सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेचं 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. पुढे त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. एप्रिल-मेमध्ये माणसाला टँकर येतो अशा गावात रोपाला पाणी कोण घालणार, हे आधी ठरलं असतं तर तो आकडा फार लहान निघाला असता, आणि मला तो लहान आकडा चालला असता. शेतकऱ्याला सामूहिक काम जमत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवून पाळली, कारण गवत कापून न्यायची सोय ठेवली होती.

मला वाटतं, शेतकऱ्याला रोप देण्याआधी तीन गोष्टी लेखी द्याव्यात: लाकूड त्याचं, तोडायची परवानगी ठरलेल्या मुदतीत, आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेल्या प्रत्येक झाडामागे पैसे. फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत, झाडं जगल्याचं पाहून मिळतं. तीच रीत बांधावरच्या बाभळीला आणि कडुलिंबाला का नको?

ग्रुपवर मी यातलं थोडंच लिहिलं. रात्री आण्णांचा फोन आला. म्हणाले, ‘लावतो की गं. पर उत्तरंच्या नानाला आधी इचारावं लागंल.’ दुसऱ्या दिवशी ते विचारायला गेले. नाना म्हणाले, चिंच नको, शेवगा चालेल. त्याची सावली पातळ असते.