मोटर, मी आणि मांजर

रिमोटचे बटण दाबताच छताला टांगलेली मोटर घुमली, गॅरेजचे दार जमिनीपासून चार बोटे वर आले आणि तिथेच थबकले. मी गाडीत पट्टा बांधून, घड्याळाकडे पाहत बसलो होतो, आणि घरातला प्रत्येक आळ मी ज्याच्यावर घेतो ते शेजारचे मांजर त्या फटीतून मला न्याहाळत होते.

मी पुन्हा बटण दाबले. एकूण अकरा वेळा दाबले. मोटरचे घुमणे दर वेळी आखूड होत गेले आणि बाराव्या खेपेला ती गप्पच झाली. मग मी रिमोटची बॅटरी बदलली, वास्तविक इतका वेळ मोटर घुमत होती ती रिमोटच्याच हुकमाने. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीवर असलेले सेन्सरही रुमालाने लख्ख पुसले. ते दार बंद होताना मध्ये कोणी आले आहे का, एवढेच पाहतात, हे ज्ञान मला पुसून झाल्यावर माहितीपुस्तिकेतून झाले. त्याच पुस्तिकेत असेही होते की, वारंवार जोर लावून मोटर तापली की ती स्वतःला बंद करून घेते आणि तिला अर्धा तास निवू द्यावे लागते.

त्या अर्ध्या तासात मी निदान केले. मोटर घुमते पण फिरत नाही, म्हणजे कपॅसिटर गेला! पंख्याच्या अनुभवावरून हा शब्द मला येतो आणि तो मी ठासून उच्चारतो. "मग दार हाताने उघडा," पत्नी म्हणाली. त्यासाठी असलेली लाल दोरी आजवर मला शोभेची वाटत आली होती. ती ओढताच दार मोटरपासून सुटले आणि धाडकन चार बोटे खाली आले. मांजर तोवर निघून गेले होते, हे त्याचे नशीब. मी कंबर वाकवून जोर लावला. दार तसूभरही हलले नाही, कंबर मात्र हलली.

मेकॅनिकने मोटरकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने दारावरच्या जाडजूड स्प्रिंगकडे बोट दाखवले. तिच्या वेटोळ्यांत दोन बोटांची फट पडली होती. दाराचे वजन खरे तर ही पिळलेली स्प्रिंगच तोलते, मोटर फक्त दिशा दाखवते; आणि अशी स्प्रिंग साधारण 10,000 वेळा उघडझाप होईपर्यंत टिकते, म्हणजे दिवसाला चार खेपा धरल्या तर जेमतेम सात वर्षे. एकट्या मोटरने एवढे दार चार बोटे उचलले, हेच मला आता नवल वाटू लागले.

"तुटताना मोठा बार होतो," तो म्हणाला. "रात्री काही ऐकू आलं नाही?"

"आलं होतं ना," पत्नी म्हणाली. "मी ह्यांना उठवलंही होतं. 'मांजर असेल' म्हणाले आणि कूस बदलून झोपले."