नाबाद, तरीही ओढला गेलेला

काल सकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि कमालीच्या आदराने विचारले, "काका, त्या व्हिडिओत ज्यांना ओढत नेतात, ते तुम्हीच ना?" तळमजला येईपर्यंत नाकारण्याइतका वेळ नव्हता, म्हणून मी "हो" म्हणालो. मेलबर्नची क्रीडा-सहल करून परतलेल्या माणसाला सोसायटीत एवढाच प्रश्न विचारला जातो.

सहल कोणत्या कंपनीची, पैसे किती आणि ते कोणत्या ठेवी मोडून भरले, हे सारे सोडून देतो. शहराविषयी मात्र माझी काडीचीही तक्रार नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी तिथे घोड्यांची शर्यत असते, ती पुरती 3,200 मीटरची, आणि तेवढ्यासाठी साऱ्या शहराला सरकारी सुट्टी असते. त्यांच्या फुटबॉलच्या अंतिम सामन्याची सुट्टी तर सामन्याच्या आदल्या दिवशीच असते, म्हणजे सामना अजून व्हायचाच असतो आणि कचेऱ्या बंद. (या सहलीसाठी मी आठ दिवसांची रजा मागितली, तेव्हा आमच्या साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर त्या शहरात चाललीच नसती.) अल्बर्ट पार्कच्या तळ्याभोवतीच्या ज्या रस्त्यावर फॉर्म्युला वनच्या गाड्या धावतात, तो वर्षभर साधा सार्वजनिक रस्ता असतो, त्यावरून आमची बस शेअर रिक्षाच्या वेगाने गेली आणि तरीही तिघांना मळमळले.

तर, एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. 1877 सालचा पहिला कसोटी सामना इथलाच, 1956 च्या ऑलिंपिकचे मुख्य मैदान हेच, आणि रिकामे असतानाही लाखभर आसनांचे ते वाडगे पाहून माणसाचा आवाज आपोआप देवळातल्यासारखा खाली येतो. आमच्यातल्या एकाचा मात्र आला नाही. ते पुण्याचे निवृत्त काका. मुंबईच्या विमानतळावर ओळख झाल्यापासून त्यांनी मला श्रोता म्हणून कायमचे नेमून टाकले होते.

सीमारेषेपाशी पोचताच काका गहिवरले. "इथंच. फेब्रुवारी एक्याऐंशी. ऑस्ट्रेलियाच्या लिलीचा चेंडू, आपल्या सुनील गावस्करच्या बॅटची कड, आणि त्या पंच व्हाइटहेडनं दिला पायचीत! सत्तर धावांवर! सुनील तडकला, वळला, आणि जोडीदार चेतनला मैदानाबाहेर ओढत म्हणाला, चल." एवढे म्हणून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत मापले. "तुम्ही चेतन."

मी क्षीण आवाजात सुचवले की, चेतन चौहान पुण्यात वाढलेले, वाडिया महाविद्यालयाचे, रणजीत महाराष्ट्राकडून खेळलेले, आणि काका स्वतः वाडियाचे असल्याचे त्यांनीच मला सिंगापूरपर्यंत चार वेळा सांगितलेले. तेव्हा ती भूमिका न्यायाने त्यांच्याकडेच जाते. काकांनी हा मुद्दा हातानेच बाजूला सारला. "अहो, उंची बघा ना. उंचीनं मी सुनीलच. शिवाय चेतनचं काम सोपं आहे. तुम्ही फक्त रेंगाळायचं."

मग पात्रयोजना झाली. नाशिककडचे एक द्राक्ष-बागायतदार निव्वळ मिशांच्या बळावर डेनिस लिली झाले. सीमारेषेवर चौहानांना थोपवून भारताची अब्रू वाचवणारे संघव्यवस्थापक, विंग कमांडर दुर्रानी, यांचे काम काकूंकडे आले. त्या तेव्हा पर्समध्ये चष्मा शोधत होत्या. मैदान दाखवणाऱ्या सत्तरीतल्या स्थानिक आजोबांना काकांनी बोट वर करण्याची विनंती केली. ते बिचारे अवघडून म्हणाले की, त्या महिन्यातले आम्हांला दुसरेच काही आठवते. त्यांचा रोख 1 फेब्रुवारीकडे होता: न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी षटकार हवा असताना ट्रेव्हर चॅपेलने याच मैदानावर चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला होता. आठवड्याभराच्या अंतराने घडलेल्या दोन्ही नामुष्क्या एकाच गवतावर. आपली त्यांनी आठवू नये आणि त्यांची आपण काढू नये, असा शहाणा तह तिथल्या तिथे होऊ शकला असता. काका म्हणाले, "ते नंतर करू. आधी बोट."

गवतावर पाऊल ठेवण्यास मनाई असल्यामुळे सारा प्रयोग कडेच्या फरशीवर झाला. पहिल्या खेपेस मी पुरेसा रेंगाळलो नाही. दुसऱ्या खेपेस लिली हसले. तिसऱ्या खेपेस काकांनी माझ्या दंडाला असा हिसका दिला की, खास सहलीसाठी घेतलेल्या निळ्या टी-शर्टची काखेतली शिवण टर्रकन उसवली आणि आत दोन बोटे जातील एवढी खिडकी पडली. मी थांबलो. काका आनंदाने ओरडले, "हं, हाच चेहरा! चेतनचा अगदी हाच होता!" चौथी खेप चित्रित झाली.

त्या मैदानातच क्रीडासंग्रहालय आहे. त्यासाठी आम्हांला 45 मिनिटे दिली होती आणि त्यांतली 30 माझ्या ओढले जाण्यात गेली. उरलेल्या वेळात मी काख दाबून काचेच्या कपाटांसमोरून पळत गेलो. विमानाचे तिकीट, व्हिसा, रजा, ठेव हे सगळे काय एका निवृत्त गृहस्थांच्या नाट्यछंदासाठी खर्च केले? उसवलेल्या बाहीबद्दल त्यांनी अद्याप एका शब्दाने दिलगिरी दाखवलेली नाही. उलट "पुरावा राहिला" असे म्हणाले.

आणि ज्यांची भूमिका मी केली, त्यांच्याविषयी काकांच्या व्हिडिओखालच्या मजकुरात अवाक्षर नाही. त्या डावात चौहानांनी 85 धावा केल्या, सुनीलपेक्षा 15 जास्त, आणि दोघांची सलामी 165 ची होती. नंतर कपिल देवने 28 धावांत 5 बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला 83 वर गुंडाळले, म्हणून सामना आपण 59 धावांनी जिंकला. चौहान त्या दिवशी खरोखर बाहेर गेले असते, तर यातले काहीच झाले नसते. चाळीस कसोटी, 2,084 धावा, एकही शतक नाही, सर्वोच्च 97, आणि लोकांना आठवतो तो ओढला जाणारा दंड.

काल रात्री मी मूळ चित्रफीत आणि आमची चित्रफीत लागोपाठ पाहिली. चौहान कडेपर्यंत जातात, तिथे त्यांना थांबवले जाते, दिलीप वेंगसरकर येतात आणि खेळ सुरू होतो. आमच्या चित्रफितीत काकूंना चष्मा सापडलेला नाही. त्यामुळे मी सीमारेषा, खुर्च्यांची पहिली रांग आणि कचऱ्याचा डबा ओलांडून स्वच्छतागृहाच्या दारापर्यंत ओढला जाताना दिसतो, आणि मागून काकूंचा आवाज येतो, "अहो, त्यांना सोडा आता, बस निघेल."