'काकू, तांदूळ चावून काय कळतं?' : ऐरोलीच्या वाचकांना उत्तर

घरच्या भातासाठी तांदूळ कसा निवडावा, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर ऐरोलीच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती आधी पूर्ण देते:

"काकू, तांदूळ दाताखाली धरून जुना-नवा ओळखणं म्हणजे शुद्ध भोंदूगिरी. पाकिटावर तारीख असते, परवाना क्रमांक असतो, ते वाचा. इंद्रायणी हा पारंपरिक वाण नाही, माहिती घेऊन लिहीत जा. भाव एकही दिलेला नाही. आणि नोकरी करणाऱ्या माणसाला जांभळी नाक्यावर गोण्या हुंगत फिरायला वेळ नसतो."

पाच वाक्यं. त्यावर १८ जणांनी अंगठे उंचावले आहेत, हेही पाहिलं.

सुरुवात 'काकू'पासूनच करते. मला काकू म्हणण्याबद्दल तक्रार नाही. ५८ पूर्ण झाली, सोसायटीतली पोरं काकूच म्हणतात, इथला, ठाण्याच्या नौपाड्यातला भाजीवाला तर मावशी म्हणतो. पण त्याच्या 'मावशी'बरोबर कोथिंबिरीच्या चार काड्या जास्त येतात. तुमच्या 'काकू'पुढे जो स्वल्पविराम आहे, त्यात 'आता पुरे, जाऊन कुकर लावा' एवढं सगळं बसलंय. हाच मजकूर 'ताई, मला हे पटलं नाही' असं म्हणून लिहिता आला असता. मी तेच उत्तर दिलं असतं, पण जरा कमी तिखट.

आता जे बरोबर आहे ते मान्य करते. इंद्रायणीला मी 'आपला जुना पारंपरिक तांदूळ' म्हटलं, ते चुकलं. तो वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा, १९८७ चा. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. म्हणजे माझ्या लग्नाच्या आगेमागे बाजारात आलेला. मी जुनी झाले म्हणून तोही जुना वाटला असेल. लेखात दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता भोंदूगिरी. भोंदू माणूस पैसे घेतो, अंगारा देतो आणि पुढच्या अमावास्येला परत बोलावतो. मी फुकट लिहिते आणि परत कुणाला बोलावत नाही. शब्द वापरताना एवढं तरी बघावं.

माझे वडील मशीद बंदरला दाणाबंदरात, म्हणजे मुंबईच्या तेव्हाच्या धान्य बाजारात, एका अडत्याकडे मेहताजी होते. पुढे नव्वदच्या दशकात बाजार वाशीला गेला, तेव्हा ठाण्याहून बस बदलत वाशीला जायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या पिशवीत नमुन्याच्या पुड्या असत. वर्तमानपत्राच्या कागदात मूठ-मूठभर तांदूळ, वर पेन्सिलीनं गावाचं नाव आणि गोण्यांचा आकडा. हातपाय धुऊन झाले की ते खिडकीशी बसायचे. पुडी तळहातावर रिकामी करायची, अंगठ्यानं दाणे पसरायचे, मग बोटं झटकून हात उजेडात धरायचा. हाताला पांढरी भुकटी किती राहिली ते बघायला. मग चार दाणे चिमटीत घेऊन पुढच्या दाताखाली. आम्ही भावंडं आवाज ऐकायला थांबायचो. 'कट्' झालं की बाबा म्हणायचे, "मुरलाय." आवाज न होता दाणा दबला, जिभेवर पीठ झालं, की पुडी बाजूला आणि शेरा, "कालचं पोर."

उरलेले सगळे नमुने आई एकत्र करून शिजवायची. टाकणार कसे? त्या भातात एक दाणा मोकळा, एक अर्धा कच्चा, एक पार लगदा. आम्ही त्याला 'नमुन्यांचा भात' म्हणायचो. तुम्ही असा भात खाल्ला नसेल, म्हणून सांगते, एकाच पातेल्यात एकाच पाण्यात तांदूळ किती निरनिराळे वागतात, हे मी तिथे शिकले.

आणि शास्त्र हवं असेल तर तेही आहे. नव्या तांदळात ओलावा जास्त असतो, म्हणून तो दाताखाली दबतो. साठवणीत महिने गेले की दाणा सुकतो, कडक होतो, किंचित पिवळसर दिसायला लागतो. शिजताना तो पाणी जास्त पितो, जास्त फुगतो आणि त्यातला स्टार्च बाहेर कमी सुटतो, म्हणून भात मोकळा होतो. माझ्याकडे जुन्या कोलमला वाटीला अडीच वाट्या पाणी लागतं. त्याच कोलमचा नवा तांदूळ दोन वाट्यांत चिकट होतो. वडिलांकडे ओलावा मोजायचं यंत्र नव्हतं, दात होते.

आता तुमची तारीख. अहो, ती पाकीट भरल्याची तारीख असते. भात कापल्याची नव्हे! खरिपाचं पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतं, दिवाळीनंतर नवा तांदूळ बाजारात येतो. जानेवारीत भरलेल्या दोन पाकिटांवर तारीख एकच असेल, पण एकात गेल्या वर्षीचा मुरलेला तांदूळ आणि दुसऱ्यात महिन्यापूर्वी गिरणीतून आलेला. परवाना क्रमांकावरून पाकीट कुणी भरलं ते कळतं, आतल्या दाण्याचं वय नाही. काही पाकिटांवर 'जुना' असं छापतात. छापू देत. गोणीवर 'आंबेमोहोर' छापायलाही शाई लागते, मोहोर नाही लागत. आंबेमोहोर म्हणून जिरा शंकर आणि जवाफूल हे दुसरेच तांदूळ विकले जातात, हे दुकानदारांनाही ठाऊक असतं. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाडा पालघर जिल्ह्यात आहे. १ ऑगस्ट २०१४ च्या आधी तो आमच्या ठाण्यातच होता, हे उगाच सांगून घेते. पण 'वाड्याचाच आहे ताई' असं म्हणणाऱ्या प्रत्येक दुकानात तो वाड्याहूनच येत असता, तर वाड्यात घर बांधायलाही जागा उरली नसती, सगळी भाताची खाचरं असती.

बासमतीपुरतं तुमचं थोडं खरं आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून बासमतीसाठी नियम लागू झाले. कृत्रिम रंग नको, कृत्रिम सुगंध नको, पॉलिशसाठी काही चोळायचं नाही, शिजल्यावर दाणा किती लांबतो याचंही माप. छान झालं. पण माझा लेख रोजच्या वरणभाताबद्दल होता, आणि रोजच्या वरणभाताला बासमती लावणाऱ्या घरात मी जेवायला थांबत नाही.

डोळ्यांनी आणि हातानं ओळखण्याला तुम्ही हसता म्हणून आणखी एक. तुमच्या घरी एचएमटी तांदूळ कधी ना कधी आला असेल. तो कुठल्या प्रयोगशाळेत निघालेला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे, जेमतेम शिकलेले अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या शेतात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. तेव्हा एचएमटीची घड्याळं जोरात होती, त्यावरून तांदळाला नाव पडलं. नजरेनं दाणा ओळखणारा माणूस भोंदू, असं त्यांना जाऊन सांगितलं असतं का तुम्ही? २०१८ मध्ये गेले ते.

हां, बघताना काय बघतोय ते कळायला हवं, हे मात्र खरं. रेशनच्या तांदळात 'प्लास्टिकचे दाणे' निघाले म्हणून मला अजून फोटो येतात. ते लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ घालून मुद्दाम तयार केलेले दाणे असतात, शंभराला एक या प्रमाणात मिसळलेले. ते वेचून टाकू नका.

आता माझीच एक फजिती सांगते, कारण कुणीतरी सांगायच्या आधी मी सांगितलेली बरी. २०१९ साली लेकीच्या केळवणाला घरी २५ माणसं होती. मसालेभात मीच करणार असं जाहीर केलं होतं. नेहमीच्या दुकानात गेले (नाव घेत नाही, अजून तिथूनच घेते). गोणीच्या तोंडाशी हात घातला, तीन दाणे चावले, तिन्ही कट् कट् वाजले. पाच किलो घेतला. केळवणाच्या दिवशी वाफ जिरल्यावर पातेल्याचं झाकण काढलं, तर आत तोंडली बुडालेला एक गोळा. वर जुना आणि खाली नवा, अशी मिसळलेली गोणी होती. जुन्याच्या हिशेबानं ओतलेलं पाणी नव्यानं पिऊन पिऊन पीठ केलं. मी चेहरा सरळ ठेवून वाढलं. व्याही काही बोलले नाहीत. त्यांच्याकडच्या एक आत्या, दिसत कमी असलेल्या, म्हणाल्या, "शिरा छान झालाय गं, जरा तिखट लागतो."

तुम्ही आता टाळी वाजवाल, "बघा, चावूनही फसल्याच." थांबा. फसले कारण मी तीनच दाणे चावले आणि तेही वरचे. वडील असते तर ओरडले असते. बाजारात गोणीच्या पोटात टोकदार लोखंडी पन्हळ खुपसून आतला माल काढतात, तो उगाच नाही. तेव्हापासून मी कोपरापर्यंत हात घालते. वरून, मधून, तळातून असे दाणे घेते. आणि मोठी खरेदी असेल तर आधी अर्धा किलो आणून एक वाटी शिजवून बघते. पाकीट घेतलं असतं तर? तेही अर्धा किलो आणून आधी शिजवून बघावं लागलंच असतं. म्हणजे गोष्ट तिथेच येते. तुमच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की पाकिटात वरचा आणि खालचा सहसा एकच असतो. म्हणून टाका.

राहिले भाव. भाव लिहून टाकले आणि महिन्यानं ते बदलले, की तुम्हीच येऊन म्हणणार, काकू, माहिती घेऊन लिहीत जा. दुकानात २६ किलोची गोणी का मिळते हे ठाऊक आहे? १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद तांदळावर पाच टक्के कर आहे, वर नाही. कुटुंब चार माणसांचं असेल आणि घर कोरडं असेल, तर गोणीचा हिशेब आधी करा. सोंड्यांची भीती वाटत असेल तर एरंडेलाचा हात चोळून डब्यात भरा.

वेळेचं काय सांगू? ऐरोलीहून वाशीचा धान्य बाजार तुम्हाला माझ्यापेक्षा जवळ आहे.

आणि हुंगणं. गोण्या हुंगत कुत्रं फिरतं. मी वास घेते, कारण कुबट वास शिजल्यावर जात नाही, आणि पाकीट बंद असेल तर तो घरी आल्यावरच कळतो.

मूळ लेखात इंद्रायणीची ओळ बदलली आहे, तुमचा उल्लेख करून. 'तीन-चार दाणे चावून बघा' ही ओळ बदललेली नाही. फक्त तिच्यापुढे 'गोणीच्या तळातले' असं घातलंय.