पंधराव्या घाताला गुणाकार किती? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतील (भाषेसोबत तयार मिळणाऱ्या फंक्शनांच्या संग्रहातील) पूर्णांक घाताच्या फंक्शनवर मी लिहिलेल्या लेखाला आपण देवगडहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे स्वतंत्रपणे लिहीत आहे. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय आधी सांगतो. आपले म्हणणे असे की लायब्ररीतील पद्धतीला मी ‘पिंगळाची पद्धत’ म्हटले ते चुकीचे आहे. ‘याहून कमी गुणाकारांत घात निघत नाही’ हे माझे विधानही चुकीचे आहे, कारण १५ वा घात पाच गुणाकारांत निघतो आणि लायब्ररीला त्याहून जास्त लागतात. माझी वेगाची मोजणी फसवी आहे, कारण घातांक मी प्रोग्रॅममध्येच आकडा म्हणून लिहिला होता. आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा डबलमध्ये (दशांश अपूर्णांक ठेवण्याच्या प्रकारात) पॉव या घाताच्या फंक्शनने उत्तर काढून ते पूर्णांकाला नेले तर काय बिघडते. लूपबाहेर, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागाबाहेर, ठेवलेला शेवटचा गुणाकार हा निव्वळ सोपस्कार आहे, असेही आपण जाता जाता म्हटले आहे.

पहिल्या आक्षेपात आपण बरोबर आहात, आणि ती चूक दिसते तेवढी किरकोळ नाही. पिंगळाच्या छंदःशास्त्रात, म्हणजे इ.स.पू. २०० च्या सुमारास, लघु-गुरूंची किती वृत्ते होतील हे काढण्यासाठी २ चा घात काढण्याची रीत दिली आहे. अक्षरसंख्या सम असेल तर तिचे अर्ध करून दोन लिहायचे, विषम असेल तर एक वजा करून शून्य लिहायचे, आणि संख्या संपली की उलट्या क्रमाने मागे यायचे: शून्य आले की दुप्पट, दोन आले की वर्ग. सहा अक्षरांसाठी क्रमाने दोन, शून्य, दोन, शून्य असे लिहिले जाते. मागे येताना एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ आणि आठाचे चौसष्ट होतात. यात घातांकाचे द्विमान अंक डावीकडून उजवीकडे वाचले जातात आणि हाती एकच चालू उत्तर असते. रस्टची लायब्ररी तसे करत नाही. ती अंक उजवीकडून वाचते आणि दोन चल सांभाळते: एकात पायाचे वर्ग चढत जातात, दुसऱ्यात लागतील तेवढे गुणून जमा होतात. ही उजवीकडून जाणारी रीत अल-काशी या इराणी गणितज्ञाने १४२७ मध्ये नोंदवलेली आहे. दोन्ही पद्धती ‘वर्ग करत जाण्याच्या’ म्हणून मी त्यांना एकाच नावाखाली घातले. आपल्या आक्षेपामुळे त्या वेगळ्या काढून पाहाव्या लागल्या, आणि दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मला तिथेच सापडले.

१५ व्या घाताबद्दलची आपली गणना अचूक आहे. दुसरा, तिसरा, सहावा, बारावा आणि पंधरावा घात असे क्रमाने काढले की पाच गुणाकारांत काम होते. वर्ग करत जाण्याच्या दोन्ही रीतींना सहा लागतात, आणि लायब्ररीतील लूप सुरुवातीला जमा-चलात १ ठेवत असल्यामुळे तिथे प्रत्यक्षात सात होतात, त्यांपैकी एक नुसता एकाने गुणण्याचा. तेव्हा ‘याहून कमी गुणाकारांत निघत नाही’ हे वाक्य मी मागे घेतो. पण गुणाकार मोजले म्हणजे वेळ मोजला, हे गृहीत मी त्या लेखात धरले होते आणि आपणही आपल्या प्रतिक्रियेत तेच धरले आहे. माझे म्हणणे आता त्या गृहीताविरुद्ध आहे.

अलीकडच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांवर ६४ बिटांच्या पूर्णांक गुणाकाराचे उत्तर हाती यायला तीन सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात, पण पुढचा गुणाकार सुरू करण्यासाठी त्या तीन सायकल थांबावे लागत नाही. त्याचे दोन्ही आकडे तयार असतील तर तो पुढच्याच सायकलला सुरू होतो. अडचण येते ती आकडे तयार नसतील तेव्हा. रत्नागिरीहून किनाऱ्याने दापोलीला निघालेला माणूस जयगडला तरीत बसतो, पलीकडे तवसाळला उतरतो, गुहागरमार्गे धोपाव्याला जातो आणि तिथून दुसऱ्या तरीने दाभोळला पोचतो. दाभोळच्या खाडीत फेरीबोट कितीही वेळेवर उभी असली तरी तो तवसाळला उतरल्याशिवाय तिचा त्याला काही उपयोग नसतो. आपल्या पाच गुणाकारांच्या साखळीत नेमके असेच आहे. सहाव्या घाताला तिसरा हवा, बाराव्याला सहावा, पंधराव्याला बारावा. प्रत्येक गुणाकार आधीच्याची वाट पाहतो, म्हणून पाच पायऱ्या आणि १५ सायकल.

आता उजवीकडून जाणारी रीत पाहा. दुसरा घात निघाला की चौथा आणि तिसरा हे दोन्ही एकमेकांवर अवलंबून नसतात, त्यामुळे ते पाठोपाठ सुटतात. त्यानंतर आठवा आणि सातवाही तसेच पाठोपाठ सुटतात, आणि शेवटी आठव्याला सातव्याने गुणून पंधरावा येतो. गुणाकार सहा, पण पायऱ्या चारच, म्हणजे १२ सायकल, आणि दोन गुणाकार एकाच दारातून एकामागून एक आत जातात म्हणून त्यात एखाददुसऱ्या सायकलची भर. पिंगळाच्या रीतीने हाच घात काढला तर दुसरा, तिसरा, सहावा, सातवा, चौदावा, पंधरावा अशी एकच रांग लागते: सहा गुणाकार, सहा पायऱ्या, १८ सायकल. पिंगळाच्या आणि अल-काशीच्या रीतीत गुणाकारांची संख्या अगदी सारखी असूनही प्रोसेसरवर त्यांच्यात एवढे अंतर पडते. आपली साखळी त्या दोन्हींपेक्षा एका गुणाकाराने स्वस्त असूनही त्यांच्या मधोमध उभी राहते. लूपमधला एकाने गुणण्याचा तो फुकटचा गुणाकारही बहुतेक वेळा दुसऱ्या चलातील वर्गाच्या आडोशाला उरकतो.

(डावीकडून जाण्याच्या रीतीला यामुळे कमी लेखू नये. पायथनमध्ये पूर्णांकाला आकाराची मर्यादा नाही, आणि तिथे साध्या घातांकांसाठी डावीकडून जाणारी रीतच वापरली आहे. घातांक फार मोठा असेल तर एकेका बिटाऐवजी पाच-पाच बिटांचे गट घेतले जातात. ३ चा १००० वा घात काढताना डावीकडून गेले की वर्ग मोठ्या संख्येचे होतात, पण मधले गुणाकार शेवटपर्यंत चिमुकल्या ३ नेच होतात. उजवीकडून गेले असते तर दोन अवाढव्य संख्या एकमेकींना गुणाव्या लागल्या असत्या.)

आपण लिहिले आहे की आपल्या संगणकावर एका मोठ्या अ‍ॅरेतील प्रत्येक संख्येचा १५ वा घात काढला तेव्हा पाच गुणाकारांचे फंक्शन जिंकले. यावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि वर सांगितलेल्या गोष्टीशी त्याचा विरोध नाही. अ‍ॅरेतील संख्या एकमेकींवर अवलंबून नसतात. एकीची साखळी अडली की प्रोसेसर पुढच्या संख्येचा गुणाकार मध्ये घालतो, त्यामुळे कोणालाच वाट पाहावी लागत नाही आणि गुणाकाराचे दार अखंड चालू राहते. अशा वेळी वेळ ठरतो तो एकूण गुणाकारांवर, आणि पाच हे सहापेक्षा कमीच. उलट एका घाताचे उत्तर पुढच्या घाताचा पाया असेल, किंवा त्या एका उत्तरावर पुढचे सगळे काम अडले असेल, तर पायऱ्या मोजाव्या लागतात. लायब्ररीला आपले फंक्शन यांपैकी कोठे वापरले जाणार हे कळण्याचा मार्ग नाही, आणि तिने कोणत्याही एका वापराच्या बाजूने झुकू नये असे मला मनापासून वाटते. ज्याला अ‍ॅरेवर १५ वाच घात हवा आहे त्याने ते पाच गुणाकार स्वतः लिहावेत. त्यात काहीच वावगे नाही.

लायब्ररीत सर्व घातांकांसाठी अशा साखळ्यांचे कोष्टक ठेवावे, ही आपली सूचना मात्र मला पटत नाही, आणि त्याचे कारण रुंदीच्या मर्यादेत आहे. ६४ बिटांच्या चिन्हासहित पूर्णांकात २ चा ६२ वा घात हा शेवटचा मावणारा घात, ३ चा ३९ वा, आणि १० चा फक्त १८ वा. हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये दहाचेच घात सर्वाधिक लागतात, आणि १८ पर्यंतच्या घातांकांत साखळीने गुणाकार वाचतो असा आकडा एकच आहे: १५. त्यानंतरचा २३, मग २७. तेवढ्यासाठी प्रत्येक वेळी कोष्टकात डोकावायचे, आणि त्यातून ब्रँचचा, म्हणजे पुढे कोणत्या वाटेने जायचे याचा, प्रोसेसरचा अंदाज चुकला तर पंधरा-वीस सायकल गमवायच्या, हा सौदा तोट्याचा आहे.

मोजणीबद्दलचा आपला आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण तो पूर्ण खरा आहे. ‘३ वा घात काढणे आणि तीनदा गुणणे यांना सारखाच वेळ लागतो’ असे मी लिहिले, पण प्रोग्रॅममध्ये ३ हा आकडा समोर दिसत असताना कंपायलरने (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाने) फंक्शन जागच्या जागी उलगडले, लूप मोडून टाकले आणि दोन गुणाकार ठेवले. म्हणजे मी दोन्ही बाजूंना तेच दोन गुणाकार मोजत होतो. आता घातांक रस्टच्या ‘ब्लॅक बॉक्स’ फंक्शनमधून नेऊन, कंपायलरला तो कळणार नाही अशा रीतीने पुन्हा मोजले. फंक्शन थेट गुणाकारापेक्षा उघडच मागे पडते. सर्व वेळ एकच घातांक दिला तर प्रोसेसर लवकरच ब्रँचची सवय लावून घेतो आणि अंतर कमी होते. घातांक उलटसुलट दिले तर ते चांगलेच वाढते. मूळ वाक्य काढून ‘घातांक प्रोग्रॅममध्ये आकडा म्हणून लिहिलेला असेल तरच’ ही अट त्या परिच्छेदात घातली आहे.

डबलच्या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे, आणि तो केवळ तत्त्वाचा नाही. डबलमध्ये ५३ बिटांपर्यंतचेच पूर्णांक बिनचूक मावतात. ३ चा ३४ वा घात १६६७७१८१६९९६६६५६९ आहे. ६४ बिटांच्या पूर्णांकात तो आरामात बसतो, पण डबलमध्ये त्याच्या शेवटी ५६८ येते, कारण त्या पट्ट्यात डबलला विषम संख्या लिहिताच येत नाहीत. कितीही काळजीपूर्वक राउंड केले तरी गेलेला एक परत येत नाही. आणि लहान आकड्यांतही राउंड न करता नुसते पूर्णांकात नेले तर काय होते ते मी स्वतः भोगले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मिरकरवाडा बंदरावरील एका मासळी व्यापाऱ्यासाठी मी सी भाषेत बिलांचा प्रोग्रॅम लिहिला होता. रुपयांचे पैसे करताना दशांशस्थळांची संख्या एका चलात होती, आणि मी १० चा तेवढा घात पॉवने काढून इंटमध्ये ठेवत होतो. माझ्या संगणकावर सर्व ठीक चालले. त्यांच्या संगणकासाठी जुन्या ३२ बिटांच्या कंपायलरने बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये १० चा वर्ग शंभराच्या किंचित अलीकडे येत होता आणि इंटमध्ये जाताना ९९ होत होता. सुरमईच्या १२,५०० रुपयांच्या बिलावर १२,३७५ छापून आले. हिशेब लिहिणाऱ्या बाईंनी वहीतला आकडा आणि छापील आकडा शेजारी शेजारी धरून मला विचारले, “हे सव्वाशे रुपये गेले कुठे?” पूर्णांकाचा घात पूर्णांकांतच निघाला पाहिजे, हा माझा आग्रह त्या दुपारपासूनचा आहे.

लूपबाहेरच्या शेवटच्या गुणाकाराबद्दलही थोडे सांगायला हवे. लेखात दिलेला लूप घातांक एकाहून मोठा असेपर्यंतच चालतो, आणि उरलेल्या एकाचा गुणाकार बाहेर होतो. तो लूपमध्येच ठेवला तर गुणाकारानंतर पायाचा आणखी एक वर्ग होईल, जो कोणालाच नको आहे. चिन्हरहित ६४ बिटांत १० चा १६ वा घात काढून पाहा. उत्तर १७ अंकी आहे आणि व्यवस्थित मावते. पण त्या वेळी पायाचा चल स्वतः १० चा १६ वा घात झालेला असतो, आणि त्याचा आणखी एक वर्ग म्हणजे ३३ अंकी संख्या, जी मावणे शक्य नाही. रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे वापरासाठी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये, ती टाकाऊ संख्या गुपचूप निघून जाईल, हे आपले म्हणणे खरे आहे. पण डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधण्यासाठी बांधलेला असताना, प्रोग्रॅम तिथेच ओव्हरफ्लो (संख्या मावली नाही) म्हणून थांबेल, आणि ओव्हरफ्लो तपासणारे जे भावंड-फंक्शन आहे ते तर कोणत्याही बिल्डमध्ये ‘उत्तर नाही’ असे सांगेल, उत्तर असताना. ज्याने ते फंक्शन मुद्दाम विश्वासाने वापरले त्याला दिलेले ते खोटे उत्तर ठरेल.

मूळ लेखात तीन दुरुस्त्या केल्या आहेत: पिंगळ आणि अल-काशी यांच्या रीती वेगळ्या केल्या, कमीत कमी गुणाकारांचे विधान काढले, आणि मोजणी बदलली. मोजणीचा नवा प्रोग्रॅम लेखाखाली ठेवला आहे. त्यात १५ वा घात दोन प्रकारे मोजला जातो: एकदा आपल्यासारखा अ‍ॅरेवर, आणि एकदा प्रत्येक उत्तर पुढच्या घाताचा पाया करून. आपले पाच गुणाकारांचे फंक्शनही मी त्यात जसेच्या तसे घेतले आहे. आपल्या संगणकावर दुसऱ्या प्रकारातही ते जिंकले, तर प्रोसेसर कोणता आहे आणि कंपायलरने काय उतरवले आहे ते असेम्ब्लीसह (प्रोसेसरला मिळणाऱ्या सूचनांच्या यादीसह) अवश्य पाठवा. मी ओळ न् ओळ वाचेन.