वंशावळीतला एक रकाना

बॉस्टनजवळच्या आमच्या गावातील सत्तरीच्या शेजारीणबाईंची पक्की समजूत होती की त्यांचे कूळ १६२० साली आलेल्या 'मेफ्लॉवर' जहाजावरील १०२ प्रवाशांपैकी एकापर्यंत पोचते. त्या प्रवाशांच्या वंशजांची संस्था १८९७ पासून आहे; तिच्या सभासदत्वासाठी प्रत्येक पिढीचा पुढच्या पिढीशी कागदोपत्री सांधा दाखवावा लागतो, नुसते आडनाव जुळून भागत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एका मृताच्या मालमत्तेची यादी वाचली. तारीख होती फेब्रुवारी १६४२/३, म्हणजे जुन्या गणनेने १६४२ आणि आजच्या गणनेने १६४३, कारण १७५२ पर्यंत इथे कायद्याने नवे वर्ष २५ मार्चला लागे. यादीत पिसांची गादी, एक जुने पातेले आणि अर्धी गाय होती. गाय बहुधा कोणाच्या तरी भागीत असावी. बायकोचे माहेरचे नाव मात्र कुठेच नव्हते आणि सांधा तिथेच निखळला. बाईंनी पेन्सिलीने 'सिद्ध नाही' असे लिहिले आणि चहा ठेवला.

मला त्या दोन शब्दांचा हेवा वाटला. आपल्याकडे २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून वंशावळ हा घरोघरचा विषय झाला आहे. इतर मागासवर्गीयाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून मोडी वाचणारा गाठून कोतवाल बुके, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, चाळली जातात. ज्याच्या मुलीचा प्रवेश त्या कागदावर अडला आहे, त्या बापाला 'सिद्ध नाही' परवडत नाही. यावरून अमेरिकी माणूस अधिक सत्यप्रिय ठरवणे घाईचे होईल. बाईंचे काहीच पणाला लागलेले नव्हते, एवढाच फरक. माझ्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचा शोध १८७० च्या जनगणनेपाशी अडतो, कारण १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण आहे.

आपल्या वादात मला खटकते ते वेगळेच. आरक्षण द्यावे की न द्यावे यावर दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात, परंतु त्या पानावरील एका शब्दापलीकडे कोणी वाचत नाही. चुलतभावाने मला आमच्या नोंदीचा फोटो पाठवला, त्यात जातीच्या रकान्याला लाल वर्तुळ होते. मी पूर्ण ओळ मागवली. ती आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या मृत्यूची नोंद होती: वय २ वर्षे, कारण पटकी. आजोबांना बहीण होती, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.