म्हणे आर्टिकल टिकत नाहीत!

सप्टेंबर उजाडला की वडोदऱ्यात दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत सीए ऑफिसांत एकच रडगाणं: आर्टिकल, म्हणजे सीए होण्यासाठी ऑफिसात काम शिकणारी पोरं, टिकत नाहीत. अहो, टिकतील कशी? जुलै २०२३ पासून नव्या आर्टिकलशिपची मुदत तीनाची दोन वर्षं झाली, पण कामाची वाटणी अजून जुन्याच हिशोबाने! पहिलं वर्ष व्हाउचर तपासण्यात आणि बँकेच्या फेऱ्यांत; ऑडिट नीट हातात येईस्तोवर पोरगं निघायच्या तयारीत.

मग टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत तोंडावर आली की ३सीडी, म्हणजे त्या ऑडिटचा तपशिलाचा फॉर्म, उघडायचा. क्लॉज ३४ चा टीडीएस कोणी जुळवला होता? गेलेल्याने. क्लॉज ४४ साठी जीएसटी नोंदणी असलेल्या आणि नसलेल्या पार्ट्यांचा खर्च वेगळा काढलेली एक्सेल? त्याच्याच लॅपटॉपवर, 'फायनल नवीन २' नावाने. म्हणजे सगळं लेजर पुन्हा पहिल्या ओळीपासून. ऑफिसच्या ड्राइव्हवर क्लायंटवार फोल्डर आणि जाताना पानभर हँडओव्हर नोट, एवढं मागायला कोणी अडवलंय? त्यात नवरात्र त्याच आठवड्यात आलं तर विचारूच नका. पोरांचे डोळे घड्याळावर, गरब्याचे पास खिशात.

आणि साहेबांचं ठरलेलं: 'या पिढीला कष्ट नकोत.' स्टायपेंडचा विषय काढा, नियमातला किमान आकडा मात्र तोंडपाठ!